बंपरचा जोड

आमच्या घरी मोटार कधीच नव्हती, पण मोटारीच्या तुटक्या बंपरची गोष्ट होती. ती काका सांगायचे.

कराडजवळच्या आमच्या गावच्या घरात, मधल्या खोलीच्या दारावर फोटोंची ओळ आहे. आधी देव, मग पणजोबांचं कुणीतरी मागाहून रंगवलेलं चित्र, मग आजोबा, आजी, आणि शेवटी सुतळीवर किंचित तिरका लटकलेला हा मोटारीचा फोटो. मूळ फोटो जेमतेम अर्ध्या पोस्टकार्डाएवढा. बॉक्स कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरून तेवढ्याच मापाचा छापलेला. आजी १९६८ साली गेली, त्यानंतर तिच्या ट्रंकेत तो सापडला. काकांनी मोठ्या काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्याला फ्रेम केली. त्यामुळे अंधाऱ्या खोलीच्या झरोक्यातून बाहेर बघावं तसा तो दिसतो.

मोटार समोरून, जराशी तिरकी. आजोबा काळी टोपी घालून मडगार्डवर हात टेकून उभे आहेत, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. नऊवारीतल्या आजीची नजर कॅमेऱ्याकडे नसून बॉनेटवर बसवलेल्या बाळाकडे आहे. बाळाला कुंची, डोळ्यांत भसाभस काजळ. मागून एका हाताने त्याला धरून परकर-पोलक्यातली एक मुलगी उभी आहे. मागच्या चाकापाशी धुरकट डाग आहे. नीट पाहिलं की तो सदरा होतो, म्हणजे ऐन वेळी हललेलं एखादं पोर असणार. या सगळ्यांच्या मागे ऊस.

काकांच्या गोष्टीत हा फोटो बेचाळीसचा. चळवळ पेटलेली, सातारा जिल्ह्यात नाना पाटलांची माणसं भूमिगत झालेली. आजोबा एका रात्री त्यातल्या दोघांना मोटारीत घालून कुंडलच्या बाजूला निघाले. वाटेत पोलिसांनी नाक्यावर आडवा बांबू टाकलेला. आजोबांनी मोटार थांबवली नाही. बांबू मोडला, बंपरही मोडला, पण माणसं पोचली. इथे काका उठून फोटोपाशी जायचे आणि काचेवर नख टेकवायचे. बंपरच्या बरोबर मध्यावर तुकडा लावून केलेला जोड स्पष्ट दिसतो. "हा बघा. लोहाराकडून करून घेतला."

फोटो बेचाळीसचा म्हटल्यावर त्यातली माणसं आपोआप ठरत होती. परकरातली मुलगी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. धुरकट पोर शेजारचं. आणि बॉनेटवरचं बाळ म्हणजे बाळकाका, आजीचा पहिला मुलगा. तो वर्षाचा होऊन १९४३ मध्ये तापाने गेला. नाव ठेवलेलं होतं, पण हाक बाळ म्हणूनच मारायचे, तेच राहिलं. त्याचा दुसरा फोटो नाही. म्हणून सर्वपित्री अमावास्येला काकू बाकीच्या फोटोंबरोबर या फ्रेमलाही फूल घालायची.

बाबांचाही लहानपणचा फोटो नव्हता. आम्ही अल्बम काढून बसलो की ते म्हणायचे, "आमचे कोण काढतंय? माझा पहिला फोटो मॅट्रिकच्या फॉर्मवरचा." हे ते पुष्कळदा मधल्या खोलीत, त्या दाराखालच्या खुर्चीत बसून म्हणालेत.

काका गेले, मग २०२१ मध्ये बाबा गेले. पुढच्या वर्षी घराची कौलं उतरवली तेव्हा फ्रेम माझ्याकडे पुण्याला आली. काच काढली, फोटो स्कॅन केला आणि संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा मोठा करून पाहिला. तेव्हा माझा हेतू एवढाच होता की मोटार कोणती ते कळलं तर खाली छोटी पाटी लावावी. 'आजोबांची अमुक गाडी, १९४२.'

फोनमधल्या त्या हुशार यंत्रणेने आधी फोक्सवॅगन सांगितलं, मग हिलमन. चुलतभाऊ म्हणाला, "डुक्कर फियाट आहे, त्यात काय बघायचं?" त्याच्या लेखी जी गोल ती डुक्कर फियाट. पण ती आपल्याकडे १९५४ मध्ये आली. म्हणजे त्याचं बरोबर धरलं तर बेचाळीस गेलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही तेव्हा नाही.

पुण्यातल्या एका परिचितांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. त्यांनी आधी माझं मराठी सुधारलं. मी 'विंटेज' म्हणाले होते. काटेकोर लोकांच्या हिशेबात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०, आणि ही त्यात बसत नाही. मग त्यांनी तासभर गाडी कशी ओळखायची ते शिकवलं. नाव शेवटी बघायचं, कारण नावं फसवतात. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जुळवायला घेतल्या. अंगाने दोघी सख्ख्या बहिणी. बॉनेटच्या टोकावर गलबत असेल तर प्लिमथ, एडका असेल तर डॉज. अमेरिकन कंपन्यांना तर गेल्या सालची गाडी शेजाऱ्याच्या डोळ्यांत जुनी दिसायला हवी असायची, म्हणून दर साली जाळी बदलायची. सत्तेचाळीसच्या आणि अठ्ठेचाळीसच्या शेव्हरोलेत डोळ्यांना दिसणारा मोठा फरक कोणता, तर अठ्ठेचाळीसच्या जाळीत मधोमध एक उभी पट्टी. माणसाचं वय लपतं, गाडीचं लपत नाही, असं ते म्हणाले आणि आपल्याच वाक्यावर खूश झाले.

आमच्या गाडीच्या नंबराची पाटी आजीच्या पदराआड गेलेली. पहिलं अक्षर तेवढं दिसतं, बी. म्हणजे जुनं मुंबई राज्य. महाराष्ट्र झाल्यावर १९६० नंतर एम आलं. याचा उपयोग शून्य. शेवटी त्यांनी निकाल दिला: हिंदुस्थान फोर्टीन. "म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच. अँबॅसडरच्या आधीच्या पिढीतली." मी घरी येऊन तसं लिहूनही ठेवलं.

ते खोडायला लागलं कोल्हापूरला. मावसभावाकडे लग्न होतं. त्याच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री उद्यमनगरात मुलाच्या गॅरेजात दिवसभर नुसते बसून असतात. वय ऐंशीच्या पुढे, पण कान तिखट. बाहेरून आलेल्या गाडीचा आवाज ऐकून आतूनच सांगतात, तिसरा प्लग गेलाय. मी फोन पुढे केला. त्यांनी आधी हात चिंधीला पुसले, मग फोन घेतला, मग लांब धरला.

"चवदा न्हाई ही. ही पोरगी हाय, चवदा तिची आई." मग एक जाडजूड बोट पडद्यावर आलं. "दिवं बघा की. मडगार्डावर हायती का? न्हाई. जाळीच्या कडंला खाली बसिवल्यात. खालच्या दिव्याची मायनर. मॉरिस मायनर. पुढं त्येनी दिवं वर घेतलं मडगार्डात. मी पोऱ्या म्हणून लागलो तवा हितल्या एका डॉक्टरची हुती असली. दोन दारांची."

मी बंपरची गोष्ट सांगितली. बेचाळीस, नाका, बांबू, लोहार. सगळी ऐकून घेतली त्यांनी. गावाकडची माणसं गोष्ट मध्ये तोडत नाहीत. मग फोटो बोटांनी ताणून मोठा केला, आणि जिथे काका नख टेकवायचे अगदी तिथेच यांचं नख आलं.

"ताई, ही गाडी ठोकल्याली न्हाई. ह्यो जोड कंपनीचा हाय. बघा, ठोकली असती तर बंपर मागं दबला असता, दिव्याची कड चेपली असती. हितं सगळं रेघंत हाय. सुरुवातीच्या सगळ्या गाड्यांस्नी असलाच तुकडा हुता मधी. चार इंच. मोजा पायजे तर." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, जरा हळू आवाजात, "आन् बेचाळीसला ही गाडी जल्माला बी आली नव्हती. पेट्रोल कुठलं तवा? कुपनावर. माझा बाप सर्व्हिस मोटारीवर क्लीनर हुता. मागं कोळशाची भट्टी लावल्याली. चढ आला की पाशिंजर खाली उतरून ढकलायची. असल्या गाडीतनं कोण पोलिसापुढनं पळतंय?"

लग्नाच्या जेवणात माझं लक्ष नव्हतं.

परत आल्यावर वाचत बसले. मिस्त्रींचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मॉरिस मायनर १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. फोर्टीन जिच्यावर बेतली ती ऑक्सफर्डही त्याच प्रदर्शनातली. तोंडावळा एकच, म्हणून परिचित फसले. मायनर बनवणारा ॲलेक इसिगोनिस. त्यानेच पुढे १९५९ मध्ये मिनी केली. कारखाना ऑक्सफर्डजवळ काउलीला. नमुना तयार झाला, सगळी तयारी झाली, पण इसिगोनिसला गाडी अरुंद वाटत राहिली. त्याने नमुना पुढून मागेपर्यंत मधोमध चिरायला लावला. भाकरी मोडावी तशी दोन अर्धी. मग ती अर्धी एकमेकांपासून थोडी थोडी लांब सरकवत नेली, आणि 'आता बरोबर' वाटलं तिथे थांबवली. ते अंतर भरलं चार इंच.

पण बंपर आधीच तयार होऊन पडले होते, अरुंद गाडीच्या मापाचे. ते फेकणार कोण? मग मधोमध कापले आणि चार इंचांचा तुकडा बसवला. बॉनेटच्याही मध्यावर तेवढ्याच रुंदीची जरा उचललेली सपाट पट्टी आली. कंपनीचा मालक लॉर्ड नफील्ड याला गाडी मुळीच आवडली नाही. पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते म्हणाला. पुढे दहा लाखांच्या वर खपलेली ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. दिवे वर गेले ते अमेरिकेतल्या नियमांमुळे. तिथे ते इतके खाली चालत नव्हते. १९५१ पासून सगळ्याच मायनरचे दिवे मडगार्डात आले.

म्हणजे आमच्या फोटोतली गाडी १९४८ च्या अखेरीच्या आधीची असूच शकत नाही. बोटीने मुंबईला येऊन, विकली जाऊन कराडपर्यंत पोचायची तर १९४९ उजाडलंच. आणि बाळकाका गेला १९४३ मध्ये.

पत्त्यांच्या बंगल्यातलं खालचं पान काढावं तसं झालं. बेचाळीस काढलं आणि फोटोतली सगळी माणसं जागेवरून हलली. परकर-पोलक्यातली मुलगी आजोबांची बहीण असणं शक्य नव्हतं, तिचं लग्न सत्तेचाळीसच्या आतच झालं होतं. मग ही थोरली आत्या. तिला १९५२ च्या वैशाखात बेळगावकडे दिली, पहिल्या बाळंतपणातच ती गेली, आम्ही कुणी तिला पाहिलेलं नाही. लग्नानंतर ती परकरात दिसली नसती. म्हणजे खालची कड गाडीने धरली आणि वरची थोरल्या आत्याच्या परकराने. १९४९ ते १९५२.

मग उसाकडे पुन्हा पाहिलं. आयुष्यभर तो मला नुसता ऊस होता. आता दिसलं की त्याला तुरे आहेत. म्हणजे थंडीचे दिवस, गुऱ्हाळाचा मोसम. बाळाला कुंची आहे ती त्यासाठीच. आणि बाळ आधाराने बसतंय, अजून स्वतःचं उभं राहत नाही.

बाबांची जन्मतारीख १ जून १९५०. आमच्या भागात एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला वय पुरं झालं पाहिजे, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी १ जून टाकून मोकळे. आजी सांगायची की पंढरपूरची दिंडी वाटेवर होती त्या आठवड्यातला हा. म्हणजे आषाढ. सहा महिन्यांनी मार्गशीर्ष-पौष. तुरे, कुंची, गुऱ्हाळ, आणि जेमतेम बसायला लागलेलं बाळ. त्या फोटोत सहाजण आहेत असं म्हटलं, तर ज्याचं जन्मसाल कागदावर खात्रीने सापडतं अशी एकच आहे, ती मोटार.

पडद्यावर बाळाचा चेहरा जितका मोठा होईल तितका केला. मोठा केला की माणूस जातो, ठिपके उरतात. त्यामुळे चेहरा बाबांसारखा आहे वगैरे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांचं पोर कुणासारखंही दिसतं. पण ते बसलंय ते बॉनेटच्या मधल्या त्या उचललेल्या पट्टीवर, बरोबर त्या चार इंचांवर. मी तिथे बोट ठेवून बराच वेळ बसले होते, काकांसारखी.

धाकटी आत्या साताऱ्याला असते. ती १९५३ ची, म्हणजे या फोटोत नाही. तरी तिला विचारायला गेले, कारण आता विचारायला तीच. निम्मं सांगून व्हायच्या आतच ती म्हणाली, "आजोबांची गाडी? आपली कुठली गाडी? शेठजींची ती."

आजोबा कराडला गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, हे मला माहीत होतं. शेठजी हंगामात गुऱ्हाळं बघायला गाडीने गावात यायचे, हे माहीत नव्हतं. "आई सांगायची. शेठजींच्या भाच्याकडे कॅमेरा होता. गाडी आली की सगळी आळी गोळा व्हायची. त्या गाडीवर बसवून पोरांचे फोटो काढायचा तो."

"मग आत्या, तू इतकी वर्षं काकांची गोष्ट ऐकून घेतलीस?"

"तो इतकी छान सांगायचा," ती म्हणाली. "आणि मला कुणी विचारलं कधी?"

काका खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ट्रंकेत सापडलेल्या फोटोमागे अक्षर नव्हतं, सांगणारी माणसं गेली होती, आणि बंपरवर हा एवढा ठसठशीत जोड. आमच्याकडे जोड दिसला की कुठे तुटलं ते विचारतात. मुद्दाम कापून रुंद केलं असेल हे कुणाच्या स्वप्नात येणार? आणि कराडच्या आसपास त्या काळातली तुटलेली वस्तू असली की तिला बेचाळीस चिकटतंच. खरोखर त्यात होते त्या घरांतून फार कमी बोललं गेलं, हे जाता जाता सांगते.

खरी पंचाईत पुढे होती. चुलतभावांना सगळं कळवलं. एकाचा उलट फोन आला. गाडीचं त्याला काही नव्हतं, शेठजींचंही नाही. तो म्हणाला, "मग बाळकाकाचं काय?"

हे मला सुचलंच नव्हतं. बाबांना फोटो मिळाल्याच्या आनंदात मी एका वर्षाच्या पोराचा एकुलता एक फोटो काढून घेतला होता. आणि दुसरंही काही. पन्नासएक वर्षं सर्वपित्रीला काकू ज्याला फूल घालत होती ते बाळ त्याच फ्रेमखाली पाटावर बसून खीर आणि वडे जेवत होतं. आमसुलाची चटणी आणखी मागत होतं. बाबांना हे कळलं असतं तर ते इतके हसले असते की त्यांना ठसका लागला असता.

फ्रेम परत गावी न्यायची होती. मी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी गेले. काकूला काय सांगायचं याची वाटेत चार-पाच वेळा तालीम केली होती. काकांची गोष्ट ही तिच्या संसाराचीही गोष्ट. पण ती ओट्यापाशी गवार मोडत बसली होती, मीही चार शेंगा घेतल्या, आणि मोडता मोडता सगळं सांगून झालं. इसिगोनिसचं नाव घेतलं नाही. साहेबाने गाडी मधून चिरली एवढंच सांगितलं. ते तिला पटलं. वाढत्या अंगाच्या पोरीचं पोलकं आपण नाही का उसवून मध्ये पट्टी घालत, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पानं वाढायच्या आधी ती तबक घेऊन दाराखाली उभी राहिली. वहिनीने फ्रेम काढून तिच्या हातात दिली. तगरीची फुलं होती. काकूने एक फूल फ्रेमवर ठेवलं, म्हणाली, "हे भाऊजींना." मग जरा थांबून दुसरं ठेवलं. "हे बाळाला. फोटो नसला म्हणून काय झालं? इतकी वर्षं इथेच घेत आलाय."

मी म्हटलं, "काकू, आणखी एक आहे." मागच्या चाकापाशी बोट ठेवलं. तो धुरकट सदरा. काका सत्तेचाळीसचे, म्हणजे तेव्हा तीन-साडेतीन वर्षांचे. शेजारचं पोर कशाला असेल?

तिने चष्मा कपाळावर चढवला आणि फ्रेम अगदी नाकापाशी नेली. बराच वेळ बघत राहिली.

"हे हेच होय?" म्हणाली. "म्हणजे एका जागी उभं राहणं तेव्हाही जमत नव्हतं तर."